क्रीम की मोतिया? बाळंतिणीच्या खोलीच्या रंगाबद्दल थोडं

दिवाळी तोंडावर आली की केजमध्ये रंगाच्या दुकानांसमोर बादल्यांची रांग लागते आणि माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असते, मधली खोली रंगवायची असते. बाप खिशातून शेडकार्डाचा तुकडा काढतो. त्यावर नखाएवढे दोन चौकोन. एक क्रीम, दुसरा मोतिया. "डॉक्टरसाहेब, यातला बाळाला कोणता चांगला?"

घरात यावरून आठ दिवस चर्चा झालेली असते. आजीचं एक मत, मामीचं दुसरं, आणि पेंटर रोज विचारतो, "ठरलं का?" बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. दोन्ही रंग पांढऱ्याच्याच घरातले, कोणताही मारला तरी काय बिघडतं? बऱ्याच खोल्यांपुरतं हे खरंही आहे. पण बाळंतिणीच्या खोलीपुरतं मला ते पटत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या खोलीत नवजात बाळ राहणार आहे, तिथे दोनपैकी जो कमी पिवळा असेल तो घ्या. ज्या खोलीत वयस्कर माणूस राहतं, तिथे शेडवर भांडण्यापेक्षा भिंत आणि दार, भिंत आणि पायरी यांच्यात फरक दिसेल असं बघा. बैठकीच्या खोलीत तुम्हाला आवडेल तो घ्या, तिथे डॉक्टरला विचारू नका.

आता कारणं सांगतो.

दुकानात सारखे, घरी वेगळे

रंग भिंतीत नसतो, तो उजेड, भिंत आणि डोळा या तिघांत मिळून तयार होतो. भिंत स्वतःहून काही करत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग ती शोषते आणि उरलेला परत टाकते. क्रीम रंग निळा भाग जरा जास्त शोषतो, म्हणून तो पिवळट दिसतो. मोतिया तो थोडा कमी शोषतो. शेडकार्डावर हा फरक इतका बारीक असतो की डोळा फसतो.

मग चारही भिंतींना तोच रंग लागला की तो एकदम गडद का वाटतो? "पेंटरने दुसराच डबा मारला" अशी तक्रार दर दिवाळीला ऐकू येते. बहुतेक वेळा पेंटर निर्दोष असतो. खोलीतला उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर आपटत फिरतो. समजा एक भिंत निळ्या उजेडातला शंभरातला पंच्याहत्तर भाग परत टाकते आणि दुसऱ्या शेडची भिंत साठ. एकदा आपटल्यावर फरक पंधराचा. तीनदा आपटल्यावर पहिल्या खोलीत बेचाळीस भाग उरतो आणि दुसऱ्या खोलीत बावीस. म्हणजे जवळपास निम्मा. कार्डावर न दिसणारा पिवळेपणा खोलीत असा वाढत जातो. हाच हिशोब एकूण उजेडालाही लागू पडतो. थोडा गडद रंग छोट्या खिडकीच्या खोलीला कार्डावरून वाटतो त्यापेक्षा बराच जास्त अंधारी करतो.

त्यात दिव्याची भर. आपल्याकडच्या ट्यूबा आणि एलईडी बल्ब बहुतेक थंड पांढऱ्या उजेडाचे, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचे असतात. पिवळसर उबदार बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो. दोन रंग ट्यूबखाली अगदी सारखे आणि पिवळ्या बल्बखाली वेगळे दिसू शकतात, कारण त्यांच्यात घातलेली रंगद्रव्यं वेगळी असतात. दुकानात ट्यूब, घरात बल्ब, अंगणात मे महिन्याचं ऊन, आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची गुलाबी भिंत किंवा हिरवे पत्रे. त्या भिंतीचा रंगसुद्धा तुमच्या खोलीत येतो. फुकट येतो आणि न विचारता येतो.

आपल्या आज्यांना हे सगळं पुस्तकाशिवाय माहीत होतं. माळवदाच्या घरांना चुना लावायचा तेव्हा बादलीत चिमूटभर नीळ टाकायचे. नुसता चुना पिवळट दिसतो. निळीने तो पिवळेपणा मारला जातो आणि भिंत पांढरीशुभ्र वाटते. म्हणजे दोन पांढऱ्यांतून एक निवडण्याचा प्रश्न आपल्या गावांत कितीतरी जुना आहे, आणि त्याचं उत्तर कमी पिवळ्याच्या बाजूने दिलेलं आहे.

बाळाची कावीळ आणि पिवळी खोली

आता मुख्य मुद्दा. पूर्ण दिवसांच्या साधारण साठ टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होते. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. बाळाच्या जुन्या लाल पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि बाळाचं कोवळं यकृत ते तितक्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. बहुतेक बाळांत ते आपोआप उतरतं. थोड्या बाळांत ते फार वाढतं आणि तेव्हा ते मेंदूत जाऊन बसतं. त्यानंतर बाळ वाचलं तरी बहिरेपणा, हातापायांचा ताठरपणा आयुष्यभर राहू शकतो. वेळेत निळ्या उजेडाखाली ठेवलं तर हे जवळपास पूर्ण टाळता येतं. इंग्लंडमधल्या रॉचफोर्ड रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी दिसते. त्यावरून १९५८ मध्ये उजेडाचा पहिला उपचार छापून आला. आज प्रत्येक नवजात शिशु कक्षात तो आहे.

म्हणजे उपचार आहे. अडचण आहे ती वेळेत ओळखण्याची. पूर्ण दिवसांच्या बाळात बिलिरुबिन सर्वात जास्त चढतं ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. नॉर्मल बाळंतपण झालं तर तोवर सुट्टी झालेली असते. सगळ्यात महत्त्वाचे दोन-तीन दिवस बाळ दवाखान्यात नसतं, ते तुमच्या त्या मधल्या खोलीत असतं. आणि ती खोली कशी असते? वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, वर एक पिवळा बल्ब. बाळ पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेलं, अंगाला हळद-बेसन लावलेलं. भिंत क्रीम.

अशा खोलीत दोन तऱ्हेने गडबड होते. कधी चांगलं बाळ पिवळं वाटतं आणि घरचे घाबरून रात्री धावत येतात. ते परवडलं. दुसरी गडबड जास्त वाईट. आपला मेंदू खोलीतल्या एकूण उजेडाला सरावतो. पिवळ्या बल्बखालीही पांढरा सदरा आपल्याला पांढराच वाटतो, कारण मेंदू तो पिवळेपणा वजा करतो. तसाच तो बाळाच्या कातडीचा पिवळेपणाही वजा करतो. आई चोवीस तास त्याच खोलीत असते, तिच्या डोळ्याला बाळ "आपलं गोरंच" दिसतं. पाचव्या दिवशी बाळाला ओट्यावर आणलं की बाहेरून आलेली आत्या पहिल्या नजरेत म्हणते, "अगं, हे पिवळं पडलंय." आत्याची नजर काही वेगळी नसते. ती उजेडात बघत असते, एवढंच.

नवजात अतिदक्षता विभागाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही भिंती आणि दिवे असे असावेत की बाळाच्या कातडीचा रंग बदलून दिसू नये, असाच विचार आहे. माझ्या तपासणीच्या खोलीसाठी दोन शेड समोर होत्या तेव्हा मी याच हिशोबाने राखाडीकडे झुकणारा पांढरा निवडला. कावीळ आणि रक्त कमी असल्याचा फिकेपणा, या दोन गोष्टी दिवसभर डोळ्यांनीच बघाव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. पापणीच्या आतला रंग बघताना भिंतीने मध्ये बोलू नये, अशी माझी इच्छा. (कर्मचाऱ्यांना ती खोली उदास वाटते. त्यांच्यासाठी बाहेरची भिंत आंबा रंगाची आहे.)

तरीही एक गोष्ट साफ सांगतो. नुसत्या डोळ्यांनी काविळीचं प्रमाण अचूक सांगणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही. त्याला रक्ताची किंवा कातडीवर ठेवायच्या यंत्राची तपासणी लागते. घरच्यांचं काम प्रमाण ठरवण्याचं नाही. त्यांचं काम शंका घेण्याचं आणि वेळेत निघण्याचं. त्यासाठी रोज एकदा, सकाळी, बाळाला खिडकीजवळ किंवा ओट्यावर सावलीच्या उजेडात आणा. पांढऱ्या कपड्यावर ठेवा. कपाळावर, नाकावर, छातीवर बोटाने हलकं दाबून सोडा आणि दाबलेली जागा पिवळी दिसते का ते बघा. बाळ सावळं असेल तर डोळ्यातला पांढरा भाग, हिरड्या, तळहात आणि तळपाय बघा. कावीळ चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे म्हणजे ती बरीच चढलेली असू शकते.

जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळ पिवळं दिसलं, तळपाय पिवळे दिसले, बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, किंचाळल्यासारखं रडायला लागलं किंवा अंग धनुष्यासारखं मागे ताणायला लागलं, तर उद्या सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि नवजात शिशु कक्ष असलेलं रुग्णालय गाठा. आपल्याला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. कावीळ चौदा दिवसांच्या पुढे राहिली आणि शी पांढुरकी, लघवी लंगोटाला डाग पाडणारी गडद असेल तर तीही ताबडतोब दाखवा. त्यात पित्ताच्या नळीचा दोष निघू शकतो, आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तरच चांगला उपयोग होतो.

कोवळं ऊन दाखवा, हरकत नाही, पण तो वाढलेल्या काविळीचा उपचार नाही. आणि पेटीतल्या जुन्या कपड्यांची दुपटी काढताना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ती बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या लाल पेशींत जन्मतः एक विकर कमी असतं. डांबरगोळीच्या वाफेने त्यांच्या पेशी झपाट्याने फुटतात आणि कावीळ भयंकर वाढते. कोणत्या बाळात तो दोष आहे हे आधी कळत नाही, म्हणून हा नियम सगळ्यांनाच.

आशाताई घरी येतात त्याचा उपयोग करून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली आहे. त्या आल्या की त्यांना आत अंधारात बसवू नका, बाळाला त्यांच्याकडे उजेडात द्या. दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात, त्यांच्यापैकी काहींची बाळं कारखान्याजवळच्या कोपीत पहिले आठवडे काढतात. तिथे शेडकार्डाचा प्रश्नच नाही. पण सकाळच्या उजेडात बाळाचे तळपाय बघणं कोपीबाहेरही जमतं, आणि मुकादमाला गाडी थांबवायला लावण्याएवढं ते कारण आहे.

आजीला दिसणारा क्रीम आणि सुनेला दिसणारा क्रीम

रंगावरून होणाऱ्या घरगुती वादात दोघीही खरं बोलत असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं. ते निळा उजेड अडवतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. म्हणून सासूबाईंना मोतिया आणि क्रीम एकच वाटतात आणि सुनेला त्यातला फरक स्वच्छ दिसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की उलटं होतं. एका मावशींनी ऑपरेशननंतर घरी जाऊन पेंटरला बोलावून घेतलं होतं, "मी क्रीम सांगितला होता, तू पांढरा मारलास." रंग दोन वर्षांपूर्वीचाच होता, भिंग नवं होतं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघावं, दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात. फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने याची चित्रं मोतीबिंदूच्या काळात लाल-तपकिरी होत गेली होती. १९२३ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तो निळ्या रंगाबद्दल तक्रार करायला लागला.

पण वयस्कर माणसासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. हल्ली सगळं घर एकाच पांढुरक्या रंगात करायची पद्धत आली आहे. भिंत ऑफव्हाइट, दार ऑफव्हाइट, फरशी ऑफव्हाइट, संडासात पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड. फोटोत छान दिसतं. सत्तरीतल्या माणसाला रात्री दोन वाजता त्यात काहीच दिसत नाही. कमोडची कड कुठे संपते, पायरी कुठे सुरू होते, बटण कुठे आहे, हे कळायला रंगांत फरक लागतो. खुब्याचं हाड मोडून येणाऱ्या आजी-आजोबांना "कुठे पडलात?" विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा बाथरूमचा उंबरा किंवा पायरी असं येतं. शेडवर चर्चा करण्यात घालवलेल्या आठ दिवसांतला एक तास काढून पायरीच्या कडेला गडद रंगाचा दोन बोटं रुंद पट्टा मारा, दाराची चौकट भिंतीपेक्षा गडद ठेवा आणि बटणांभोवती रंगीत पट्टी लावा. क्रीम की मोतिया, यापेक्षा हे कितीतरी मोठं काम आहे.

रंगाने बीपी उतरतो का?

नाही. हा परिच्छेद छोटाच ठेवतो. अमुक शेडने झोप येते, तमुक शेडने राग शांत होतो, असं बादलीवर आणि मोबाइलवर भरपूर लिहिलेलं असतं. १९७९ मध्ये अमेरिकेत कैद्यांच्या कोठडीला एक विशिष्ट गुलाबी रंग देऊन ते शांत होतात असा दावा झाला होता. तो खूप गाजला. नंतर नीट घेतलेल्या चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. आणि इथे तर एक गुलाबी, एक निळा असाही प्रश्न नाही. दोन जवळजवळ सारखे पांढरे. यांच्यातला फरक बाळाचा स्वभाव ठरवेल हे मनातून काढून टाका. कोणत्या दिशेच्या खोलीला कोणता रंग, हे वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी आपल्या समाधानासाठी खुशाल बघावं, बीपीची गोळी मात्र चालू ठेवावी.

भिंतीच्या आतलं

ज्या घरात शेडवर आठ दिवस चर्चा होते, तिथे रंगाखाली काय आहे यावर आठ मिनिटंही बोललं जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

स्लॅब गळत असेल, भिंतीला ओल असेल, तर त्यावर बुरशी वाढते. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला, श्वासाचे त्रास जास्त होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. बुरशीवर क्रीम मारा नाहीतर मोतिया मारा, पुढच्या पावसाळ्यात ती वर येते. आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग रंग. बुरशी न धरणारा रंग म्हणून महागडी बादली घेतली आणि वरची गळती तशीच ठेवली, तर पैसे पाण्यात गेले. शब्दशः.

दुसरं शिसं. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दार, खिडक्या, गज यांच्यावरच्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात ते भरपूर असायचं. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नवीन बादली घेताना तिच्यावर तसं लिहिलेलं आहे का ते वाचा. पण आपल्या घराच्या खिडक्या २०१७ च्या आधीच्या असतात. पेंटर त्या कोरड्या घासतो, त्याची धूळ फरशीवर बसते, रांगणारं बाळ हात लावतं आणि हात तोंडात जातो. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल शिसं चार-पाच पट जास्त शोषतं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. थोड्या शिशानेही बुद्धीवर, अभ्यासावर, वागण्यावर परिणाम होतो आणि तो परत फिरत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा त्याहून जास्त आहे. ते सगळं रंगातून आलेलं नाही, बॅटऱ्यांचा वाटा मोठा आहे. पण आपल्या घरातल्या खिडकीचं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून ओला घासायला सांगा. खाली प्लॅस्टिक अंथरा, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसा. पेंटरच्या तोंडाला रुमाल नको, चांगला मास्क द्या. त्याच्याही घरी लेकरं आहेत आणि तो तीच धूळ कपड्यांवर घेऊन जातो. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी घासण्याच्या दिवसांत त्या घरात राहू नये.

वासाचंही लक्षात घ्या. भिंतीला पाण्यात मिसळणारा रंग घ्या, तो ऑइलपेंटपेक्षा पुष्कळ कमी वाफा सोडतो. तरीही रंगवल्यावर काही दिवस दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. लेक येण्याच्या आदल्या दिवशी रंगकाम संपवायचं आणि वास जावा म्हणून उदबत्ती लावायची, हे मला अजिबात पसंत नाही. बाळंतपणाच्या तारखेआधी महिनाभर काम संपलेलं असावं. बाळं तारीख बघून येत नाहीत.

चुना लावणार असाल तर तोही उत्तम. स्वस्त, उजेड चांगला परत टाकणारा आणि अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला सहज थारा न देणारा. फक्त कालवताना मुलांना लांब ठेवा. डोळ्यात चुना गेला तर चोळू नका, कुणी काही घालायला सांगितलं तरी घालू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान अर्धा तास धुवा, दिसतील ते कण पाण्याने वाहून जाऊ द्या, आणि मग लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आधी धुणं, मग प्रवास. चुना डोळ्यात असेपर्यंत बुबुळ जाळत राहतो, अर्ध्या तासाच्या प्रवासात दृष्टी जाऊ शकते.

निवडायचं कसं

शेडकार्डावर ठरवू नका. दोन्ही रंगांचे छोटे नमुना डबे मिळतात ते आणा. दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाला दोन हात द्या, वाळू द्या. ज्या भिंतीला रंग लावायचा तिथेच ते उभे करा, एका वेळी एकच, कारण शेजारी ठेवले की एक रंग दुसऱ्याला जास्त पिवळा किंवा जास्त निळा दाखवतो. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. बाजूला कोरा पांढरा कागद धरा, पिवळेपणा लगेच कळतो. मग आपला तळहात पुठ्ठ्यासमोर धरा. ज्या पुठ्ठ्यासमोर तळहात बाहेरच्या उजेडात दिसतो तसाच दिसेल, तो रंग बाळंतिणीच्या खोलीला. दोन्हींसमोर सारखाच दिसत असेल तर आजी म्हणतील तो घ्या आणि विषय संपवा. त्या खोलीतला पिवळा बल्ब मात्र काढून पांढरा लावा. दोन्ही शेडच्या फरकापेक्षा त्या एका बल्बाचा फरक जास्त पडेल, आणि तो खूपच स्वस्त आहे.

पेंटरचा हिशोब झाला की उरलेला थिनर आणि टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून न्हाणीघराच्या फळीवर ठेवू नका. उन्हाळ्यात तहानलेलं लेकरू ती बाटली तोंडाला लावतं, आणि त्यातला थोडा थिनर फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. असं झालंच तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात या.